विहिरीवरून हॉलंडला येणारे कॉल

हॉलंडमधल्या एका गोठ्यात आम्ही उभे होतो. समोर यंत्र गायीची धार काढत होतं. बावीस शेतकरी आणि त्यांना घेऊन आलेली मी, सगळे बघत होतो. तेवढ्यात माझ्या मागून बाईचा आवाज आला, स्वच्छ मराठीत.

"थ्री फेज वीजपुरवठा सुरू झाला आहे. मोटर चालू करण्यासाठी एक दाबा."

मी वळून पाहिलं. आमच्या ग्रुपमध्ये माझ्याशिवाय बाई नव्हती.

ग्रुपमधले तात्या भिंतीकडे तोंड करून उभे होते. हातात बटणांचा छोटा फोन. त्यांनी तो कानापासून लांब धरून डोळे बारीक केले, अंगठ्याने एक दाबलं आणि परत कानाला लावला.

"मोटर चालू झाली आहे," बाई म्हणाली.

"तात्या, हा फोन कुठून आला?"

"बंडीतनं."

"तुमचा फोन तर गळ्यात आहे. मी स्वतः सिम बदलून दिलंय."

"त्यो बोलायचा. ह्यो मोटरीचा."

मोटरीचा फोन दोन दिवस त्यांच्या बंडीत होता, आणि मोटर राहुरी तालुक्यात.

यात घाबरण्यासारखं काय, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल. मी नगरला सावेडीतल्या एका ट्रॅव्हल कंपनीत काम करते. आम्ही शेतकऱ्यांचे अभ्यासदौरे नेतो. मी तिथे सहा वर्षं टेबलावरचं काम केलं: व्हिसाचे फॉर्म, तिकिटं, इन्शुरन्स. ग्रुप घेऊन जायचं काम पुरुषांकडे, बहुतेक सुहासकडे. मी दर वर्षी सरांना म्हणायचे, एक ग्रुप मला द्या. सर दर वर्षी म्हणायचे, बघू.

यंदा 'बघू' संपलं, त्याला कारण आदल्या वर्षीचं एक बिल. त्या ग्रुपमधल्या एका गृहस्थांनी परदेशात फोन वापरलाच नव्हता. फक्त खिशात ठेवला होता. पण फोन खिशात बसूनही खातो. दिवसभर काढलेले फोटो तो आपले आपण इंटरनेटवर चढवत राहिला, ॲप आपले आपण अपडेट होत राहिले. याला बॅकग्राउंड डेटा म्हणतात. परत आल्यावर जे बिल आलं ते बघून गृहस्थ थेट ऑफिसात आले आणि तीन नवीन गिऱ्हाइकांसमोर त्यांनी सरांचा उद्धार केला. दोन ग्रुप रद्द झाले.

मग राहुरी-नेवासे भागातल्या एका दूध संघाचा बावीस जणांचा ग्रुप आला. त्यांच्या साहेबांनी पहिलाच प्रश्न विचारला, "फोनच्या बिलाचं काय?" सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "एकाचंही जास्तीचं बिल येणार नाही. लिहून देते."

साहेब गेल्यावर सर म्हणाले, "लिहून दिलंस, आता तूच ने. पण ऐक. एकाचं जरी बिल आलं ना, तर पुढचे ग्रुप पहिल्यासारखे सुहास नेईल आणि तू टेबलावर. मग 'एक ग्रुप द्या' म्हणायचं नाही."

"नाही म्हणणार," मी म्हटलं.

मी उगाच लिहून दिलं नव्हतं. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. वडील मार्केट यार्डात हमाल. घरी छापील कागद आला की तो गल्लीतल्या मास्तरांकडे न्यायचा, आणि मास्तर घरी नसले तर कागद फळीवर तसाच पडून. त्यामुळे बी.कॉम. झाल्यापासून एक सवय लागलीय, कुठल्याही कागदाच्या तळाची बारीक अक्षरं मी आधी वाचते. फोन कंपन्यांची अक्षरं फारच बारीक असतात. मी चार कंपन्यांची वाचली होती.

निघण्याआधी राहुरीला संघाच्या हॉलमध्ये मी सगळ्यांना बसवून समजावलं. आपलं सिम परदेशात तिथल्या कंपनीच्या टॉवरवर चालतं, त्याला इंटरनॅशनल रोमिंग म्हणतात. दुसऱ्याच्या घरी राहायचं, आणि तो तासाचं भाडं लावतो. आपल्याकडे आलेला फोन उचलायला पैसे पडत नाहीत. तिकडे पडतात. उचललेल्या फोनचं मिनिट मोजतात आणि एकसष्टावा सेकंद लागला की दुसरं मिनिट धरतात. रोमिंग नुसतं चालू करणं म्हणजे दार उघडणं. पॅक घेणं म्हणजे भाडं आधी ठरवून दारात पाऊल टाकणं. बरेच लोक दार उघडतात आणि भाडं ठरवायचं विसरतात.

"मंग फोन घरी ठिवून जावं का?" मागून कुणीतरी विचारलं.

"नको. फोन न्यायचा. सिम माझ्याकडे द्यायचं."

आम्ही युरोपात चालणारी प्रवासाची सिमं घेतली होती. पैसे आधी भरलेले, संपलं की बंद, बिल येण्याचा प्रश्नच नाही. विमानतळावर मी एकेकाचं सिम काढलं, कागदावर नाव लिहून चिकटपट्टीने चिकटवलं आणि नवीन घातलं. व्हॉट्सॲप जुन्याच नंबरावर चालू राहतं. त्याने 'नंबर बदलायचा का' विचारलं तर 'नाही' म्हणायचं. बँकेचा ओटीपी येणार नाही, तेव्हा बँकेची कामं आधी उरकायची. विमान सुटायच्या आत फोन एअरप्लेन मोडवर, कारण काही विमानांत आत नेटवर्क असतं आणि ते सगळ्यात महाग. बावीस माणसं, बावीस फोन, बावीस सिमं. पाकीट माझ्या पर्समध्ये. मी निर्धास्त.

आणि तिसऱ्या दिवशी सकाळी गोठ्यात मोटर बोलली.

"आत्तापर्यंत किती फोन आले यावर?" मी विचारलं.

"मोजलं न्हाईत. लाईट आली की येतो, गेली की येतो. मोटर सुटली की येतो, बंद पडली की येतो. उन्हाळ्यात लाईट लई खेळती."

"आणि तुम्ही सगळे उचलले?"

"उचलल्याबिगर कसं? एक दाबायला लागतं ना."

ज्यांना शेतीची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगते. विहिरीवरच्या मोटरीच्या स्टार्टरला आता एक छोटा डबा जोडतात. त्यात सिम असतं. लाईट आली की डबा शेतकऱ्याला फोन करतो, शेतकरी घरी बसून बटण दाबतो, मोटर सुरू होते. अंधारात विहिरीवर जायचं काम वाचतं. डबा फार उपयोगाचा, पण शिस्तीचा. ज्याचा नंबर आत भरलाय त्यालाच तो फोन करतो आणि त्याचंच ऐकतो.

मी तो फोन हातात घेतला. वर तिथल्या कंपनीचं नाव दिसत होतं.

"हे सिम पोस्टपेड आहे की प्रीपेड?"

"संदीपला ठावं."

संदीप त्यांचा मुलगा, नगरला नागापूरच्या एमआयडीसीत कामाला. मी त्याला व्हॉट्सॲपवर विचारलं. उत्तर लगेच येणार नव्हतं, तात्यांनीच सांगितलं. कंपनीत फोन गेटवर जमा करावा लागतो.

"तात्या, हॉलमध्ये मी अडीच तास बोलले. तेव्हा हा फोन का नाही दाखवला?"

"दावला असता तर तुमी शिम काढून घेतलं असतं."

"घेतलंच असतं."

"मंग मोटर कोन लावनार? माझा तीन एकर खोडवा ऊस हाय. मे महिना हाय. आठ दिवस पानी न्हाई भेटलं तर वाळून कोळ होईल."

मी बावीस जणांना त्यांचे फोन विचारले होते. त्या फोनवर घरचं काय चालतं, ते विचारलं नव्हतं.

पहिला विचार आला तो पॅकचा. या नंबरवर आत्ता रोमिंग पॅक घ्यावं. पण ते संदीपच घेऊ शकत होता आणि तो सुटेपर्यंत अजून तास दोन तास. शिवाय पॅकमध्ये मिनिटं मोजकी असतात. डबा ज्या हिशेबाने बोलत होता त्या हिशेबाने दोन दिवसांत संपली असती आणि पुढे पुन्हा खुलं भाडं. आणि घेतलेलं पॅक मागचं धूत नाही. आत्तापर्यंतचं बिल होतं तिथे राहणारच होतं.

"डबा ऑटोवर टाका ना," ग्रुपमधले एक जण म्हणाले. "लाईट आली की आपली आपन सुरू हुईल."

"ऑटोवर न्हाई जमत," तात्या म्हणाले.

"का?"

तात्या परत भिंतीकडे वळले. मग ज्यांनी सुचवलं होतं तेच हसले. "अवो मॅडम, ईहीर सामाईक हाय. चार दिस ह्येंची बारी, चार दिस भावाची. डब्याला बारी कळती व्हय?"

विहीर दोघा भावांची, मोटर दोघांची, पाण्याची पाळी ठरलेली. ज्याची बारी त्याच्या शेताकडे पाणी वळवायचं. तात्यांनी पाणी धरायला गडी लावला होता, पण तो दिवसाच असायचा; रात्री लाईट आल्या आल्या मोटर आपोआप सुटली तर पाणी कुणाच्या वाफ्यात जातंय हे पाहायला तिथे माणूस हवं.

मी पुढचं विचारणार तेवढ्यात यजमानांचा फोन वाजला. यजमान म्हणजे गोठ्याचे मालक, साठीचे, उंच, पायात लाकडी बूट. त्यांनी स्क्रीनकडे बघितलं, फोन खिशात टाकला आणि एका गायीला ढकलून यंत्राच्या फाटकातून बाहेर काढलं. परत येऊन सांगू लागले. माझं इंग्रजी कॉलेजातलं, अडखळतं, पण न लाजता बोलते. मी मराठीत सांगत गेले.

"हे म्हणतात, यंत्राचा फोन होता. गाय अडकली की यंत्र फोन करतं."

"आँ!" तात्या पुढे झाले. "आपल्यावानीच हाय की!"

"विचारा, ते घरी नसले तर?" दुसरे म्हणाले.

विचारलं. यजमान बोटांवर मोजत सांगू लागले. आधी मला फोन येतो. मी नाही उचलला तर बायकोला. तिने नाही उचलला तर शेजाऱ्याला. यादी आत भरलेली आहे. गेल्या वर्षी आम्ही पंधरा दिवस इटलीला गेलो, शेजाऱ्याने सांभाळलं.

मी तात्यांकडे वळले. "तात्या, तुमच्या डब्यात एकच नंबर बसतो?"

तात्यांनी टोपी सारखी केली.

"पाच बसत्यात."

"आणि भरलेत किती?"

"येक."

"काकूंचा?"

"ती पुन्याला. लेकीचं बाळंतपन हाय."

"संदीपचा फोन गेटवर. मग राहिलं कोण?"

ग्रुपमधले दोघेतिघे एकदम म्हणाले, "नाना!"

नाना म्हणजे धाकटा भाऊ. तात्यांनी असं तोंड केलं की जणू मी विहीरच लिहून मागितली.

"त्याच्या हातात मोटर दिली तर त्यो माझ्या बारीत बी आपलंच भिजविल."

"आधी कधी असं केलंय त्यांनी?"

"येकदा."

"कधी?"

"झाली असत्याल धा-बारा वर्सं."

सगळे हसले. तात्या हसले नाहीत. तेवढ्यात हातातला फोन परत वाजला. मी उचलला नाही. न उचललेल्या फोनला पैसे पडत नाहीत. पण डबा चिवट. थांबला आणि परत वाजला. तात्यांचा हात माझ्या हाताकडे येत होता, मी फोन पाठीमागे घेतला. एका माणसाचा ऊस आणि माझी नोकरीतली सहा वर्षं, दोन्ही त्या फोनमध्ये वाजत होती.

"तात्या, मी हा फोन बंद करणार. आत्ता. पण तुमचा ऊस वाळू देणार नाही. नानांचा नंबर सांगा."

"आमी बोलत न्हाई येकमेकांशी फारसं."

"मोटरीपुरतं बोलता की नाही?"

"तेवढं बोलावं लागतं. त्याच्या बारीला बी मोटर म्याच लावतो ना. त्यो फोन करतो, 'लाव,' का मी लावतो."

म्हणजे डबा तात्यांना फोन करत होता, वर नानाही करत होते. दोघा भावांचं पाणी राहुरीहून हॉलंडला येऊन परत जात होतं, मिनिटाच्या भावाने.

यजमानांकडून वायफायचा पासवर्ड घेतला. माझ्या फोनवरून व्हॉट्सॲप कॉल लावला आणि स्पीकरवर टाकला.

"कोन?"

"नाना, तात्या बोलतोय."

"कुटनं?"

"हॉलंडवरनं."

"मंग ठिव. बिल यील."

"न्हाई येत. मॅडमच्या फोनवरनं हाय. फुकट हाय."

"फुकट हाय म्हनून मला केला व्हय! मला वाटलं याद आली."

गोठ्यात हशा पिकला. पलीकडे कोंबडं ओरडत होतं, कुणीतरी ट्रॅक्टर रेस करत होतं. तात्यांनी घसा साफ केला.

"लाईट हाय का?"

"हाय, मगा जाऊन आली. पन मोटर बंद हाय. तुला फोन लावले, तू उचलंना. आज माझी बारी हाय का न्हाई? मका सुकलाय माझा."

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मानेनेच म्हटलं, बोला.

"डब्यात तुजा नंबर टाकतो," तात्या म्हणाले. "मी यीस्तवर तू लाव. माझ्या बारीला माझ्याकडं वळव. तुझ्या बारीला तुझ्याकडं."

पलीकडे नानांनी कुणाला तरी ट्रॅक्टर बंद करायला सांगितलं.

"चार वर्सं झाली मागतोय नंबर," नाना म्हणाले. "आज हॉलंडला जाऊन आठवला?"

"टाकू का नको ते सांग."

"आल्यावर काढनार असशील तर टाकूच नको. आठ दिसाचा मालक मला न्हाई व्हायचं. रोज तुला फोन करून पानी मागायचं, लाज वाटती मला पोरांम्होरं. निम्मी मोटर माझी हाय."

तात्यांनी आजूबाजूला पाहिलं. एकवीस माणसं ऐकत होती, सगळी दोन तालुक्यांतली, म्हणजे जे बोललं जाईल ते गावी पोचणारच. यजमान कॉफीचा ट्रे घेऊन आले होते, ते दारातच थांबले. भाषा कळत नव्हती, पण काय चाललंय ते त्यांना कळलं असावं.

मला मध्ये बोलायचं नव्हतं. भावाभावांचं प्रकरण. पण मी ग्रुप लीडर होते आणि हातातला फोन पुन्हा थरथरत होता.

"तात्या," मी हळू म्हटलं, "तुम्ही इथे आहात. मोटरीला हात तुमचा पोचत नाही. नानांचा पोचतोय."

तात्यांनी स्पीकरकडे बघत म्हटलं, "न्हाई काढत. राहू दे."

"व्हय?"

"व्हय म्हनलं ना. आता धर."

डब्यात नंबर भरायला जुन्या नंबरावरून एक मेसेज पाठवावा लागतो. तेवढा एक मेसेज महाग पडणार होता, पण तो शेवटचा. तात्यांना मेसेजची रचना पाठ होती, त्यांनी सांगितली, मी टाइप केली. दोन मिनिटांनी नानांचा कॉल आला. "लागली. मोटर लागली!" मागे पाण्याचा आवाज येत होता. नाना फोन पाइपाजवळ धरून उभे असणार. मी तात्यांचा छोटा फोन बंद केला, सिम काढलं आणि पर्समधल्या पाकिटात टाकलं. आता तिथे तेवीस सिमं झाली.

यजमान म्हणाले, "सगळं ठीक?"

मी म्हटलं, "यादी केली. तुमच्यासारखी."

कॉफी पिऊन आम्ही बसमध्ये बसलो. ड्रायव्हरला म्हटलं, दोन मिनिटं थांबा. मी पुढे उभी राहिले.

"ज्याच्याकडे दुसरा फोन असेल त्याने आत्ता बाहेर काढा. मी रागावणार नाही. पण हॉटेलवर गेल्यावर मला सापडला तर रागावेन."

आधी सगळे एकमेकांकडे बघत राहिले. मग मागच्या सीटवरून एक हात वर आला. मग दुसरा. टोपीखालून, सदऱ्याच्या आतून, एक तर तंबाखूच्या पिशवीतून असे पाच फोन निघाले. तीन प्रीपेड होते. त्यांवर रोमिंगचं रिचार्ज नव्हतं, त्यामुळे इकडे ते नुसते खेळणं. प्रीपेडमध्ये पैसे आधी भरलेले असतात, खिशात नाही तर खर्चही नाही. पोस्टपेडमध्ये आधी वापर, मागून बिल. घाबरायचं ते पोस्टपेडला. उरलेल्या दोनांपैकी एक पोस्टपेड, पण बंद. दुसरा पोस्टपेड आणि चालू.

"हा कशाला?"

"सोनईचा आडत्या फोन करतो. कांद्याचा भाव सांगतो."

"उचलला का?"

"भाव पडलाय. म्हनून न्हाई उचलत."

त्या एका वाक्यामुळे ते वाचले होते. मी त्याचंही सिम काढलं आणि आडत्याला व्हॉट्सॲपवर मेसेज करायला लावला, भाव इथे सांगा.

दुपारी संदीपचा फोन आला. घरातले चारही नंबर त्याने एकाच पोस्टपेड प्लॅनमध्ये घेतले होते. निघताना 'तात्यांना अडचण आली तर' म्हणून छोट्या फोनवर रोमिंग त्यानेच चालू केलं होतं. पॅक घेतलं नव्हतं. दार उघडलं, भाडं ठरवलं नाही. कंपनीच्या ॲपवर त्याने रक्कम बघितली आणि आकडा सांगताना त्याचा आवाज बारीक झाला. फार प्रचंड नव्हता, पण तात्यांच्या एका गायीचं महिन्याचं दूध त्यात गेलं होतं.

आता सरांना सांगायचं होतं. सुहासने एकदा मला शिकवलं होतं, वाईट बातमी परत गेल्यावर सांगायची, तोवर निम्मी विरते. मला ते पटत नाही. मी लिहून दिलं होतं. लिहून देणाऱ्याने आधी बोलायचं.

"सर, एक बिल आलंय."

"मी काय म्हटलं होतं?"

"लक्षात आहे. ऐकून घ्या." सगळं सांगितलं. डबा, बारी, भाऊ, पाच फोन.

"दुसऱ्या फोनचं तुला कसं सुचलं नाही?"

"मी प्रत्येकाला 'तुमचा फोन द्या' म्हटलं. त्यांनी त्यांचा दिला. मोटरीचा फोन मोटरीचा होता. चूक माझी आहे. आता एक रुपयाही वाढणार नाही."

"एक बिल म्हणजे एक बिल, वैशाली."

"हो सर."

"आल्यावर बोलू."

उरलेले पाच दिवस मी ग्रुपला शिस्तीत फिरवलं. रोज सकाळी नाश्त्याला तात्या माझ्या फोनवरून नानांना कॉल लावायचे. पहिल्या दिवशी विचारलं, "कुनाकडं वळवलंय?" दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी नानांनी फोन उचलल्या उचलल्या सांगितलं, "तुझ्याकडंच हाय, व्हिडिओ टाकलाय, बघ," आणि खरंच खोडव्याच्या सरीतून पाणी चाललेलं दिसलं. चौथ्या दिवसापासून तात्यांनी पाण्याचं विचारणं सोडलं. तिथल्या गायींचं सांगू लागले.

परत आल्यावर सरांनी केबिनमध्ये बोलावलं. समोर माझं लिहून दिलेलं पत्र होतं.

"सुहासला पुढच्या ग्रुपचं सांगून टाकलंय मी," सर म्हणाले. "तुझ्यावर राग नाही. पण शब्द म्हणजे शब्द."

"शब्द माझा होता. मान्य आहे," मी म्हटलं. "पण सुहासला पाठवाल तेव्हा माझी प्रश्नांची नवी यादी त्याच्याकडे द्या. त्याला बावीस सिमं काढता येतील. त्या सिमावर घरी काय अडलंय हे तो विचारणार नाही. या ग्रुपला आधी मीही विचारलं नव्हतं."

सर काही बोलणार एवढ्यात दार ढकलून तात्या आत आले. पाठोपाठ त्यांच्याच चेहऱ्याचा, पण काळ्या मिशीचा माणूस. नाना.

"बिल भरून आलो," तात्यांनी सरांच्या टेबलावर पावती ठेवली. "फोन म्या लपवला हुता. मॅडमनी बजावलं हुतं, म्या ऐकलं न्हाई. संघाच्या सायेबाला बी सांगून आलोय तसं."

सरांनी पावती बघितली, परत केली. "बसा ना. चहा घेणार?"

"घिऊ. आमी दुसऱ्या कामाला आलोय. नानाला पाठवायचंय पुढच्या बारीला. त्याला ते धार काढायचं यंत्र बघायचंय. गावातले आनिक सहा जन हायेत."

"अरे वा. सुहास म्हणून आमचे..."

"ह्याच मॅडम येनार असतील तर," नाना म्हणाले. "मोटर तवर तात्या बघतोय. मॅडमनी सांगितलं की त्यो ऐकतो. माझं न्हाई ऐकत."

सरांनी चहा सांगितला. पत्राची घडी घातली आणि माझ्याकडे सरकवली. "नवीन लिही," एवढंच म्हणाले.

मी नवीन लिहिलं. त्यात 'एकाचंही बिल येणार नाही' असं वाक्य घातलं नाही. तसं कुणालाच लिहून देता येत नाही. त्याऐवजी फॉर्मवर दोन प्रश्न वाढवले: तुमच्याकडे एकूण फोन किती, आणि त्या फोनांवर माणूस सोडून आणखी कोण कोण फोन करतं. गेल्या ग्रुपच्या फॉर्मवर लोकांनी लिहिलं होतं, मोटर, गोठ्याचा कॅमेरा, बँक, दूध संकलनाचा काटा. एकाने 'जावई' लिहून खोडलं होतं.

परदेशी जाताना रोमिंग बंद करायला अर्धं मिनिट लागतं. त्याआधी, तुम्ही फोन उचलला नाही तर मागे कुणाचं काय अडेल हे विचारायला अर्धा दिवस लागतो. तो अर्धा दिवस मी आता सगळ्यात आधी काढते.